तांबटांच्या चर्चमधली चिठ्ठी

मागच्या नोव्हेंबरात, मंगळवारी, माझा नवरा विनायक सकाळी पावणेसात वाजता ऑफिसला निघाला. लिफ्टपाशी तो पडला. साडेआठला डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी आम्ही दोघं एकाच विमानानं पुण्याला गेलो, मी वर, तो खाली सामानात. दिवस झाल्यावर मी परत आले.

आता फेब्रुवारी आहे. कुवेतमध्ये ज्या थोड्या दिवसांत खिडकी उघडी ठेवता येते, ते हे दिवस. सालमियातल्या आमच्या घरातून, दोन इमारतींच्या फटीत, वीतभर समुद्र दिसतो. एरवी उन्हानं पांढरा पडलेला तो तुकडा या दिवसांत निळा होतो. समोरच्या गच्च्यांवर राष्ट्रीय दिनासाठी झेंडे लागतात, दिव्यांच्या माळा सोडतात. वाळवंटात तंबू उभे राहतात आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलांच्या केसांना शेकोटीच्या धुराचा वास येतो. पाऊस पडून गेला असेल तर तिकडे अरफजची झुडपं पिवळी होतात. आम्ही दरवर्षी ती बघायला जायचं ठरवायचो आणि दरवर्षी पुढच्या वर्षीवर ढकलायचो. मग एक दिवस वारा फिरतो, आभाळ मातकट होतं, खिडक्या बंद होतात आणि हा सगळा ऋतू कुणीतरी घडी घालून ठेवून दिल्यासारखा नाहीसा होतो.

मी इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. माझं काम शांततेचं आहे. तासांच्या मधल्या मोकळ्या वेळात काही शिक्षक येऊन बसतात. त्यात शोशाम्मा असते. ती रसायनशास्त्र शिकवते, अब्बासियात राहते आणि सकाळी शाळेच्या बसमधून येताना तासभर जपमाळेऐवजी वह्या तपासते. हिंदी ती तिच्या पद्धतीनं बोलते, न अडखळता.

गेल्या आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी आली. "टीचर," ती म्हणाली, "येत्या शुक्रवारी आमच्याकडे गेलेल्यांचा दिवस. खरा रविवारी असतो, पण इथे रविवारी शाळा, म्हणून आमचा देवसुद्धा शुक्रवारी बसतो. आम्ही चिठ्ठीवर नावं लिहून अच्चनला, म्हणजे पाद्रींना देतो. ते एकेक नाव मोठ्यानं वाचतात. सर का नाम दूँ? सर हिंदू है, मालूम है. गॉड को भी मालूम है."

मी विचारलं, "नावं फक्त गेलेल्यांचीच?"

"और किसका? लेंट, वो बड़ा उपवास, उसके पहले सब जगह यही होता है. ग्रीक लोग भी करता है. वो लोग तो गेहूँ बनाता है, उबाल के, ऊपर शक्कर."

माझ्या हातात तारखेचा शिक्का होता. तो मी पुस्तकावर न उमटवता खाली ठेवला.

मागच्या फेब्रुवारीत ग्रीसमध्ये, थेसालोनिकीतल्या एका चर्चमध्ये अशाच एका चिठ्ठीवर विनायकचं नाव मी माझ्या हातानं लिहून दिलं होतं. तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता आणि तेच गहू खात होता.

"गुरुवारपर्यंत सांगते," मी शोशाम्माला म्हणाले.

त्या सुट्टीत आम्ही पहिल्यांदाच पुणे सोडून दुसरीकडे कुठे गेलो होतो. बावीस वर्षं इथली प्रत्येक सुट्टी पुण्याची. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाचं ऑपरेशन. कॅनडात शिकणारी आमची रेवा म्हणाली, "आई, बाबा, एकदा तरी टूरिस्टसारखे वागा." विनायक बँकेच्या संगणक विभागात होता. त्यानं व्हिसाचे कागद असे लावले की खिडकीतली बाई त्याला म्हणाली, तुम्ही इथेच नोकरीला या. हे तो पुढे नऊ महिने सगळ्यांना सांगत होता.

थेसालोनिकी समुद्राकाठी आहे, पण मला आठवतं ते आतलं शहर. तिथल्या हमरस्त्यावर बसगाड्या धावतात. लग्नाच्या पांढऱ्या झग्यांची दुकानं, मोबाइलची कव्हरं, औषधाचं दुकान, त्यावर सहामजली इमारती, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. आणि त्यातच मध्ये हजार-दीड हजार वर्षांचं एखादं चर्च, भरलेल्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळालेल्या म्हाताऱ्या माणसासारखं, कुणाकडे लक्ष न देता बसलेलं. आम्ही चार चर्च पाहिली. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचं चालणं दीड किलोमीटरसुद्धा नसेल. आम्हाला सकाळचे चार तास लागले.

पहिलं गोल होतं. आधी कुणा राजाची वास्तू, मग चर्च, मग मशीद, मग पुन्हा चर्च. बाहेर मिनार अजून उभा आहे. आत इतकी थंड, जाड शांतता होती की बोललेलं वाक्य वर जाऊन, घुमटात थोडं फिरून, मग खाली यायचं. वर सोनेरी तुकड्यांची चित्रं. पुष्कळ गळून पडली आहेत, पण कडेकडेला पक्षी शिल्लक आहेत. मी मान वर करून पक्षी मोजत होते. विनायक भिंतीला तळहात टेकवून उभा होता.

"काय करतोयस?"

"हात लावून बघतोय. आपल्याकडे हात लावण्याइतकं जुनं काहीच राहिलं नाही."

आपल्याकडे म्हणजे पुण्यात नव्हे, कुवेतमध्ये. लग्नानंतर आम्ही ज्या इमारतीत राहायला आलो ती पाडली. जिथून पहिली कढई आणि पोळपाट घेतला ते दुकान गेलं, रेवाची बालवाडी गेली, ती जिथे पडली होती तो पदपथही गेला. सगळं उंच, नवं, काचेचं झालं. इतकी वर्षं राहूनही जिथे उभं राहून 'हे इथे घडलं' म्हणता येईल अशी जागा आमच्याजवळ फार उरली नव्हती. त्या सकाळी त्याच्या बोलण्यावर मी हसले होते. आता मी रोज सकाळी लिफ्टपाशी उभी राहते.

वाटेत त्यानं तिळाचं गोल कडं घेतलं. पावाचंच, पण बांगडीएवढं पोकळ आणि वरून खरपूस तीळ. ते बोटात अडकवून फिरवत तो चालत होता. "संक्रांत होऊन गेली ना रे?" मी म्हणाले. "यांची आज आहे," तो म्हणाला. मला पुढचं चर्च बघायचं होतं, त्याला चहा हवा होता. तिथे चहा मागितला की औषधी पाला उकळून देतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानं एक घोट घेतला, कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "घे, तुला खोकला होणार असेल तर."

दुसऱ्या चर्चमध्ये जायला पायऱ्या उतराव्या लागल्या. शहर शतकानुशतकं वर चढत गेलं, चर्च मात्र आपल्या जुन्या जमिनीवरच थांबलं. आत एक बाई फरशी पुसत होती. तिनं हातानं खूण करून आम्हाला उंबऱ्याशी थांबवलं आणि फरशी वाळेपर्यंत उभं केलं. आम्ही शाळेतल्या मुलांसारखे उभे. खांबांच्या ओळी ओल्या फरशीत खालीही उतरल्या होत्या आणि थोड्या वेळानं, फरशी वाळत गेली तशा, एकेक करून पुसल्या गेल्या. त्या चर्चमधलं आणखी काही मला आठवत नाही. कमानींच्या पोटात फुलंफळं होती म्हणतात. मी ती पाहिली असणार.

तिसऱ्याच्या घुमटात येशू आभाळात निघाला आहे आणि खाली बारा माणसं झाडांच्या मधे मधे उभी राहून वर बघत आहेत. कुणी डोक्याला हात लावला आहे, कुणी डोळ्यांवर हात धरला आहे. जाणारा शांत आहे, गोंधळ सगळा राहणाऱ्यांचा. हे मला आज सुचतं आहे. तेव्हा विनायक मान चोळत म्हणाला, "देवाला इतकं वर कशाला ठेवतात? आपला बरा, समोर बसलेला असतो," आणि मी त्याला हळू बोल म्हणून दटावलं.

आणि चौथं. रस्त्याच्या पातळीच्या खाली, छोट्या बागेत, लाल विटांचं, बसकं. त्याचं नाव तांबटांच्या माउलीचं चर्च. जवळच तांब्यापितळेची भांडी करणाऱ्यांची वस्ती होती, अजून थोडी दुकानं आहेत. विनायकचं लहानपण तांबट आळीच्या तोंडाशी गेलेलं. सकाळी शाळेचं दप्तर भरताना ठोक्यांच्या तालावर पाढे म्हटलेला माणूस तो. पाटी वाचून तो म्हणाला, "इथेही तांबट? म्हणजे घरीच आलो की."

आत अंधार होता, मेणाचा आणि धुराचा वास होता. मेणबत्त्या तिथे वाळूच्या परातीत रोवतात. "आपली वाळू इथेही कामाला लागली," विनायक कुजबुजला. शनिवार होता आणि गर्दी बायकांची होती. प्रत्येकीजवळ झाकलेलं ताट. झाकण काढलं की पांढऱ्या साखरेचा सपाट थर, त्यावर बदामांनी काढलेला क्रूस. खाली शिजवलेले गहू, डाळिंबाचे दाणे, मनुका. समोर मेणबत्ती लावायची, मग पाद्री काहीतरी म्हणायचे, मग सगळं कालवून कागदी पुड्यांत भरून वाटायचं.

"अगं, खिरापत!" विनायक म्हणाला.

त्याला त्या दिवशी इतका आनंद झाला की मला तो त्याच्या आवाजासकट आठवतो. एका काळ्या कपड्यांतल्या आजीबाईंनी, ज्यांचा चष्मा साखळीला अडकवलेला होता, आम्हाला एकेक पुडी दिली. प्रसाद नाकारायचा नसतो. आम्ही दोन्ही हात पुढे केले, कपाळाला लावून खाल्ला. विनायकनं एक बोट वर करून आणखी एक मागितली. आजीबाई तोंडावर हात ठेवून हसल्या.

शेजारी टेबल होतं. त्यावर कागदाचे कपटे आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन. बायका नावं लिहून देत होत्या, कुणी चार, कुणी दहा. मी विनायकला म्हणाले, "संकल्प असणार. नाव द्यायचं असेल. देऊया का?"

"दे की. गोत्र नको लिहूस, त्यांना झेपायचं नाही."

मी रोमन लिपीत, सगळी अक्षरं सुटी सुटी काढून, विनायकचं नाव लिहिलं. पाद्री एका सुरात नावं वाचत होते. कुठल्या कुठल्या मारिया, योर्गोस, एलेनी. आम्ही निकालाची वाट बघणाऱ्या मुलांसारखे कान देऊन उभे. मग त्या ओघात एकदम, अडखळत, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन, विनायक. त्यानं मला कोपर मारलं. "आला! लागला नंबर!" मला इतकं हसू आलं की मी रुमाल तोंडाशी धरून बाहेर बागेत आले. नंतर बाकावर बसून आम्ही दुसरी पुडी संपवली. एक पुडी आजीबाईंनी बरोबर दिली होती, ती सालमियाला आली. त्यातला चमचाभर गहू मी स्वयंपाकघरातल्या देवांपुढे ठेवला होता.

शोशाम्मा बोलून गेल्यावर मी ग्रंथालयातलं एक जाडजूड पुस्तक काढलं. पूर्वेकडच्या चर्चच्या चालीरीतींवरचं, बारा वर्षांत कुणी न नेलेलं. त्यात ते सगळं होतं. उकडलेले गहू, साखर, डाळिंब, मेलेल्यांची नावं. मी पान मिटलं. मी शिकलेली बाई आहे. रक्तवाहिनी कशी बंद होते ते डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं होतं. त्या आकृतीत चिठ्ठीला जागा नव्हती. तरीही भांडी घासताना, पडदे धुवायला काढताना, शाळेच्या फाटकाशी ओळखपत्र दाखवताना मला तो कपटा दिसायचा. मी त्याचं नाव किती ठिकाणी लिहून दिलं: रुग्णालयाच्या अर्जावर, पोलिसांच्या, वकिलातीच्या, विमानाच्या मालवाहतुकीच्या कागदावर, पुण्यात वैकुंठ स्मशानात, गुरुजींना. मी समजत होते की पहिलं रुग्णालय. आता कळलं, पहिलं ते. नऊ महिने आधीचं.

रेवाला फोनवर सांगितलं.

"आई, प्लीज. असं काही नसतं. यू नो दॅट."

"मला माहीत आहे ग."

"मग?"

"माहीत असून होतंय, म्हणून तर तुला सांगतेय."

"बाबा काय म्हणाले असते?"

मी म्हटलं, "खिरापत चांगली होती म्हणाला असता." तिकडे ती हसली, आणि मग रडायला लागली, आणि मी तिला जेवलीस का विचारलं.

माझ्यापुढचा प्रश्न लहान होता. शोशाम्माला नाव द्यायचं की नाही. दिलं, तर ते दुसऱ्यांदा दिल्यासारखं होतं, आणि पहिली खेप मी केली हे कबूल केल्यासारखं. न दिलं, तर चिठ्ठी एकच राहते, तीच, जिवंतपणी दिलेली. सोमवार गेला, मंगळवार गेला. संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर मुलं राष्ट्रीय दिनासाठी पाण्याच्या पिचकाऱ्यांची तयारी करत होती. कुणीतरी माझ्या अंगावर चार थेंब उडवले आणि "सॉरी, आंटी" म्हणून पळालं. मी त्या ओल्या बाहीनं बराच वेळ चालत राहिले. बाही वाऱ्यावर वाळली तेव्हा मी कुठवर आले होते मला कळलं नाही. बाजूला समुद्र होता आणि मला क्षणभर वाटलं, पुढच्या वळणावर पायऱ्या लागतील, उतरलं की विटांचं चर्च.

गुरुवारी शोशाम्मा मधल्या सुट्टीत आली. मी तिला सगळं सांगितलं. गहू, पेन, नाव, नंबर लागला ते.

"अय्यो," ती म्हणाली, आणि तिनं ओठ घट्ट मिटले. मला कळलं, ती हसू दाबत होती. मग तिला ते दाबता आलं नाही. ग्रंथालयात मोठ्यानं हसायला मनाई आहे, ती पाटी तिच्या मागेच होती. कोपऱ्यात वाचत बसलेल्या दोन मुली वळून बघायला लागल्या. डोळे पुसून ती खुर्ची ओढून बसली.

"टीचर, मेरा सास नब्बे साल का है. हर साल मरा हुआ लोग का लिस्ट में अपना नाम भी डालता है. बोलता है, बाद में तुम लोग भूल जाएगा, मैं अभी से दे के रखता है. बीस साल से डाल रहा है. कल फ़ोन पे मेरे से लड़ाई किया, कि मैं मछली में खटाई कम डालता है. कुवेत का मछली, उसको वहाँ बैठ के मालूम!"

मीही हसले. नोव्हेंबरनंतर शाळेत पहिल्यांदा. ती माझ्याकडे बघत होती, आता न हसता.

"सिर्फ़ सर का लिखा था?" तिनं विचारलं. "अपना नहीं?"

"नाही," मी म्हणाले. "मी त्याचंच लिहिलं."

पण म्हणतानाच मला ते टेबल दिसलं. मी लिहून बाजूला झाले होते, आणि वाळूतली एक मेणबत्ती कलली होती ती सरळ करत होते. मागे वळून पाहिलं तेव्हा विनायक टेबलावर वाकलेला होता. पेनाचा दोरा आखूड, म्हणून अगदी खाली वाकलेला. मला वाटलं, तो पेन जागेवर ठेवतोय. आजीबाईंनी कपटा उचलला, चष्मा लावला, बोट खालच्या ओळीवर ठेवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे हात केला. त्या माझ्याजवळ आल्या आणि माझ्या गालाला हात लावून गेल्या. मला वाटलं होतं, परक्या देशातल्या बाईचं कौतुक.

देवळात अभिषेकाला विनायक कधीही एकट्याचं नाव सांगायचा नाही. गुरुजींनी यजमानांचं नाव विचारलं की हा आधी माझं नाव सांगायचा, सुनंदा, मग स्वतःचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यावरून सासूबाई रागावल्याही होत्या. त्या दिवशी त्यानं माझं नाव खाली लिहिलं, कारण वरची ओळ मी आधीच भरून टाकली होती. पाद्रींनी त्याच्या नावानंतर माझं वाचलं असणार. मी तेव्हा बागेत उभी राहून हसत होते.

"टीचर?" शोशाम्मा म्हणाली.

"लिही," मी म्हणाले. तिनं वहीचं पान फाडलं. मी नाव उच्चारलं आणि तिनं ते मल्याळी लिपीत लिहिलं, गोल गोल, मला वाचता न येणारं. "बरोबर?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मी भात लावत होते तेव्हा तिचा आवाज फोनवर आला. मागे गर्दी, लहान मुलं, कुणीतरी कुणाला गाडी काढायला सांगत होतं. "हो गया, टीचर. अच्चन ने पढ़ा. थोड़ा गलत पढ़ा, लेकिन पढ़ा. ज़ोर से."

विनायकचं नाव आता दोन चर्चमध्ये वाचलं गेलं आहे. माझं एकात. मी अजून आहे.